मायलोनं लिहिलेली माफी

एल्म रन कॉलेजात पोरं-पोरी मिळून जेमतेम दीडशे. त्यातून फुटबॉलचा संघ उभा करायचा म्हणजे दमछाक व्हायची. १९२४ च्या हंगामात पंधरा जण मिळाले. त्यातल्या एकाला चष्म्याशिवाय चेंडू दिसत नव्हता, आणि एकाच्या आईनं त्याला बजावून ठेवलं होतं, कुणाला जमिनीवर पाडायचं नाही म्हणून. ज्या खेळात समोरचा माणूस चेंडू छातीशी धरून पळत येतो आणि त्याला पाडणं हेच आपलं काम असतं, त्या खेळात असला गडी. तरीसुद्धा नोव्हेंबर उजाडला तेव्हा एल्म रन एकही सामना हरलं नव्हतं.

इंडियानातल्या त्या मक्याच्या मुलखात सगळे त्यांना ओळखायचे ते मात्र दुसऱ्याच कारणानं. कॉलेज क्वेकर लोकांचं. त्यांच्या प्रार्थनेत पाद्री नाही, गाणं नाही. सगळे बाकांवर गप्प बसतात आणि ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उठून बोलतो. कुणालाच वाटलं नाही तर तास-दोन तास कुणी बोलत नाही. ही पोरं सामन्याच्या आधीही तशीच पाच मिनिटं गवतावर गप्प बसायची. समोरच्या संघाला हसण्याच्या उकळ्या फुटायच्या.

"काय रे, मयत कुणाचं आहे?" एकदा कुणीतरी ओरडलं.

"तुझंच," एझ्रा पिकरिंग डोळे मिटूनच म्हणाला. "जरा थांब, उठतोच आहोत."

एझ्रा चेंडू फेकणारा. तो फेकायचा आणि मायलो हिन्शॉ झेलायचा. मायलो संघाचा कप्तान, एकवीस वर्षांचा, डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याचा थोरला मुलगा. हात लांब, बोलणं कमी.

ऑक्टोबरात वेल्डनच्या संघाशी सामना होता. मायलो चेंडू घेऊन कडेकडेनं पळत सुटला तो थेट गोलरेषेपार गेला. लोकांनी टोप्या उडवल्या. पंचानं गुण दिले. तेवढ्यात मायलो चेंडू हातात घेऊन परत आला आणि म्हणाला, "मधे माझा पाय रेषेबाहेर पडला होता."

"मी नाही पाहिला," पंच म्हणाला.

"मी पाहिला ना."

गुण गेले. सामना बरोबरीत सुटला. एझ्रा परतीच्या गाडीत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. मग स्टेशन आल्यावर म्हणाला, "दोन इंच बाहेर होता की तीन?"

"पूर्ण पाय होता."

"मग ठीक आहे. दोन इंचासाठी असतं तर तुला रुळांवर ढकलला असता."

जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात त्यावर अर्धा रकाना आला. 'ज्यांना पंचाची गरज नाही असा संघ,' असं काहीसं लिहिलं होतं. मायलोच्या आईनं ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. "खरं बोललास, त्यात छापण्यासारखं काय?" एवढंच म्हणाली. मायलोलाही तसंच वाटायला हवं होतं. पण त्यानं दुसरी एक प्रत मिळवली आणि बीजगणिताच्या पुस्तकात ठेवली. दर दोन दिवसांनी तो ते पान उघडायचा, आणि गणित त्या पानावर नसायचं. पुढं दर गावात पंच त्याच्या पाठीवर थाप मारायचे. कुठं चेंडू नक्की कुणी धरला हे कळलं नाही की विचारायचे, "हिन्शॉ, तू सांग." मायलो सांगायचा. कधी आपल्या बाजूनं, कधी विरुद्ध. समोरचा संघ ऐकून घ्यायचा. क्वेकर माणूस कोर्टातसुद्धा शपथ घेत नाही, कारण शपथ घेतली म्हणजे एरवी खोटं बोलतो असं कबूल केल्यासारखं होतं, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हंगामातला शेवटचा सामना सेंट कॅलिस्टसशी, एल्म रनच्याच मैदानावर. सेंट कॅलिस्टस म्हणजे खाणीच्या पट्ट्यातलं कॅथलिक कॉलेज. तिथली पोरं पोलिश, आयरिश, स्लोव्हाक, बापाच्या नखांतली कोळशाची काजळी अजून न गेलेल्या घरांतली. त्या वर्षांत कॅथलिकांविषयी त्या भागात काय काय बोललं जायचं ते आठवलं तरी मान खाली जाते. पांढरे कपडे घालून, तोंडं झाकून त्यांच्याविरुद्ध मिरवणुका निघायच्या. क्वेकर त्यांत गेले नाहीत. पण रस्त्यात उभं राहून त्यांना अडवायलाही फारसं कुणी गेलं नाही.

सामना चिखलात झाला. दुपारपासून आभाळ खाली आलं होतं. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा सेंट कॅलिस्टस तीन गुणांनी पुढं होतं. मायलोवर नजर ठेवायला त्यांनी कॅझिमिर गोर्का नावाचा गडी ठेवला होता. बुटका, रुंद, सतत बडबडणारा. सगळा सामनाभर तो मायलोच्या कानाशी लागला होता.

"काय रे साधुमहाराज, दमलास का? बसतोस का जरा गप्प?"

"तूच बस की थोडा गप्प."

"मी गप्प बसलो तर माझी आई डॉक्टर बोलावेल."

मायलोला हसू आलं होतं. तो गडी त्याला आवडला होता, हे पुढं त्याला फार बोचलं.

एझ्रानं चेंडू फेकला. लांब, पण खाली. मायलो गोलरेषेपलीकडं झेपावला, गोर्का त्याच्याबरोबर झेपावला, दोघं चिखलात घसरत गेले. चेंडू आधी जमिनीला लागला. मायलोला तो लागलेला दिसला, ऐकू आला, ओल्या मातीवर थाळी आपटावी तसा. मग उसळून तो सरळ त्याच्या छातीत आला आणि हात आपोआप मिटले. पंचाकडं मायलोची पाठ होती. पाहिलं फक्त दोघांनी.

"खाली लागला!" गोर्का उठत ओरडला. "खाली लागून आला, साहेब! झेल नाही!"

पंच टॉलिव्हर धावत आला. तालुक्याच्या शाळेत मास्तर होता तो. त्यानं गोर्काकडं बघितलंच नाही. वाकून म्हणाला, "हिन्शॉ, झेललास ना?"

मायलोच्या तोंडात चिखल गेला होता. तो थुंकायला लागणारा वेळ, एवढाच वेळ होता. कडेला सगळं कॉलेज उभं होतं. एझ्रा दोन्ही हात डोक्यावर ठेवून बघत होता. मायलोनं मान वर केली आणि टॉलिव्हरच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावर उत्तर आधीच लिहिलेलं होतं. मायलोला काही बोलावं लागणार नव्हतं. तो बोलला नाही.

टॉलिव्हर हसला. "हे लोक बढाई मारत नाहीत," असं म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले. सहा गुण.

गोर्कानं चामडी टोपी डोक्यावरून ओढून जमिनीवर आपटली. "अरे बोल ना! तुला माहीत आहे! खोटारडा आहे हा, साहेब, खोटारडा!"

मग कुणीतरी "पोलाक!" अशी पोलिश लोकांना द्यायची शिवी हासडली, आणखी दोघंतिघं तेच ओरडले. टॉलिव्हरनं गोर्काचा दंड धरून त्याला बाहेर काढलं. "कुणाला खोटारडा म्हणतोस ते तरी बघ," असं तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. गोर्का टोपी तिथंच टाकून चालत गेला. जाताना त्यानं मागं वळून मायलोकडं पाहिलं. रागानं नाही. पुलावरून चालता चालता पायाखालची फळी निघून जावी, तसं.

एल्म रन जिंकलं. पोरांनी मायलोला खांद्यावर घेतलं.

मायलोनं स्वतःला सांगितलं की सोमवारी टॉलिव्हरला पत्र टाकू. सोमवारी वर्तमानपत्र आलं, त्यात सामन्याच्या बातमीखाली सेंट कॅलिस्टसच्या गड्याच्या असभ्य वागण्यावर चार ओळी होत्या. मायलोनं पत्र टाकलं नाही. रविवारच्या प्रार्थनेत तो दोन तास गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ती शांतता सोयीची वाटली.

दहा दिवसांनी, बुधवारची प्रार्थना संपल्यावर कॉलेजचे अध्यक्ष बार्कले न्यूलिन उभे राहिले. म्हातारे, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे. त्या लोकांत लहान-थोर कुणालाही पदवीनं हाक मारत नाहीत, सगळ्यांना नावानं आणि एकेरीच. पोरंही अध्यक्षांना 'बार्कले' म्हणायची आणि अरे-तुरे करायची.

"एक पत्र आलं आहे," बार्कले म्हणाले. "सगळ्यांनी ऐकावं अशी लिहिणाऱ्याच्या गुरूंची इच्छा आहे."

त्यांनी वाचलं. "मी, कॅझिमिर गोर्का, तुमच्या कप्तानाला सर्वांच्या देखत खोटारडा म्हणालो. मला जे दिसलं असं वाटलं, ते रागाच्या भरात चुकीचं दिसलं असणार, असं फादर कॉनराड यांनी मला समजावलं आहे. खरं बोलण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या माणसाच्या नावाला मी बट्टा लावला. आमच्या भोजनगृहात उभं राहून मी हे सर्वांसमोर कबूल केलं आहे. मी तुमची माफी मागतो."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी हळूच "बिचारा" म्हणालं. एझ्रानं मायलोला कोपर मारलं. "चांगला निघाला की गडी." मायलो समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत राहिला. तिथं लाकडात एक गाठ होती. त्या गाठीचं चित्र त्याला मरेपर्यंत काढता आलं असतं.

"मायलो," बार्कले म्हणाले, "उत्तर तू लिही. तुझ्याच हातानं गेलेलं बरं."

तो ऑफिसात बसून लिहायला लागला. आधी लिहिलं, 'माफ करण्यासारखं काही नाही.' यात खोटं काही नव्हतं, म्हणून तेवढंच लिहून त्यानं कागद पुढं केला.

बार्कलेंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे तुसडं वाटतं रे. माणसानं माफी मागितली तर ती हातात द्यावी. वाटेवर टाकू नये."

"काय लिहू मग?"

"मनात असेल ते लिही."

मनात होतं ते मायलोनं लिहिलं नाही. त्यानं लिहिलं, 'मी तुला मनापासून क्षमा केली आहे. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही.' खाली सही केली. सही नेहमीपेक्षा चांगली आली. बार्कले म्हणाले, "हं. हे माणसाचं पत्र झालं." दुपारच्या टपालानं ते गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बार्कलेंच्या घरी गेला. म्हातारा परसात गाजरं उकरत होता.

"बार्कले, चेंडू जमिनीला लागला होता."

म्हाताऱ्यानं फावडं थांबवलं नाही. दोन गाजरं काढली, माती झटकली, टोपलीत टाकली. मग विचारलं, "तू पंचाला काय म्हणालास?"

"काही नाही."

"झेलला असं म्हणालास?"

"नाही. गप्प राहिलो."

"म्हणजे खोटं बोलला नाहीस."

मायलोला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "बार्कले, आपण दर रविवारी दोन-दोन तास गप्प बसतो. तेव्हा आपण काहीच सांगत नसतो का?"

म्हाताऱ्यानं फावडं जमिनीत रोवलं. त्याचा चेहरा एकाएकी फार दमलेला दिसला. "पन्नास वर्षं," तो म्हणाला, "या मुलखात आपला शब्द चालतो. माझ्या बापानं बैल विकला तर लोक दात बघत नसत. तू हे उद्या सांगितलंस तर पुढं आपल्यातल्या प्रत्येकाचे दात बघतील. घाई करू नकोस. वाट बघ. आतला प्रकाश कधी काय दाखवील, सांगता येत नाही. वसंतापर्यंत थांब."

"आणि गोर्का?"

"त्याला तू क्षमा केली आहेस ना?"

म्हातारा हे टोचून बोलला नव्हता. खरोखरच विचारत होता. आणि मायलोच्या छातीवरचा दगड खाली उतरला. वसंतापर्यंत. पाच महिने. अध्यक्षच सांगतोय. त्या हलकेपणात तो फाटकापर्यंत गेला, आणि फाटकाच्या कडीला हात लावताना त्याला कळलं की आपल्याला बरं वाटतंय. तिथंच उभ्या उभ्या त्याला लाज वाटली. मैदानात वाटली नव्हती एवढी. मैदानात सगळं एका श्वासात घडलं होतं. हे तो शांत डोक्यानं, सकाळच्या उन्हात करत होता.

शनिवारी तो कुणाला न सांगता गाडीत बसला. एझ्रानं तेवढं पाहिलं.

"कुठं निघालास?"

"सेंट कॅलिस्टसला."

"वेडा झालास का? पत्र पाठवलंस ना? आता काय मुका घ्यायला जातोस?"

"एझ्रा, तो चेंडू मी झेलला नव्हता."

एझ्रा हसला. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतलं निघून गेलं. "मला आधी का सांगितलं नाहीस," एवढंच तो म्हणाला. मग वळून चालायला लागला. मायलोनं त्याला हाक मारली नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला तो पोचला. कोळशाच्या धुरानं काळी पडलेली विटांची इमारत, मागं खाणीचं चाक. भोजनगृह कुठंय हे वासावरूनच कळलं. उकडलेला कोबी आणि डुकराचं मांस. दाराशी फळा होता आणि फळ्यावर, चार टाचण्यांनी, त्याचंच पत्र. 'मी तुला मनापासून क्षमा केली आहे.' कागदाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीनं डोक्यावर प्रभावळ असलेलं डुक्कर काढलं होतं. चित्र वाईट नव्हतं.

मायलोचा हात कागदाकडं गेला.

"काढू नकोस," मागून आवाज आला.

गोर्का. बाह्या वर, दोन्ही हातांत बटाट्याचं पातेलं. जेवण वाढायची पाळी बहुतेक त्याच्यावर आली होती. त्यानं पातेलं खाली ठेवलं नाही. वाफ दोघांच्या मधे येत राहिली.

"फादरनी लावलंय," तो म्हणाला. "एक महिना राहू दे म्हणाले. माझ्या आत्म्याला बरं असतं म्हणे. तू काय, बघायला आलास, नीट लावलंय का?"

"चेंडू जमिनीला लागला होता."

गोर्कानं पातेलं कमरेशी टेकवलं.

"मी पाहिलं. मला माहीत होतं. तू खरं बोललास. मी गप्प बसलो." वाटेत त्यानं पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एवढंच निघालं.

गोर्कानं पातेलं हळू खाली ठेवलं. हात पुसले, एकदा, दोनदा. "नक्की?" त्यानं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता. "नक्की लागला होता?"

"हो."

"कारण मी रोज रात्री डोळे मिटून बघतो. आधी लागलेला दिसायचा. मग सगळे म्हणायला लागले, फादर, पोरं, वर्तमानपत्र. माझा बाप म्हणाला, क्वेकर खोटं बोलत नाही रे, तुझंच चुकलं. मग मला लागलेला दिसेनासा झाला. या आठवड्यात तर झेललेलाच दिसतो." तो थांबला. "मी देवासमोर पापाची कबुली द्यायला जाऊन खोटं बोललो. मी खोटं बोललो असं खोटं. कळतंय का तुला?"

मायलोला कळत होतं. वाटेत त्यानं ठरवलं होतं की गोर्का मारेल, आणि मारलं तर हात वर करायचा नाही. यासाठी त्याची तयारी नव्हती.

"मी फादरना सांगतो. वर्तमानपत्राला लिहितो. पंचाला लिहितो."

"लिहिशील रे नंतर. लिहिण्यात तू हुशार आहेस." गोर्कानं दार पायानं उघडलं. आत लांब टेबलांवर शंभरेक पोरं जेवत होती, चमचे वाजत होते. "मी तिथं उभा राहिलो होतो. त्या खांबापाशी. तू पण तिथंच उभा राहा."

"आत्ता?"

"का, वसंतात येतोस?" गोर्काला कशाचीच कल्पना नव्हती, तो नुसता चिडून बोलला होता. पण मायलोच्या कानशिलांतून आग निघाली.

तो आत गेला. खांबापाशी उभा राहिला. त्याचा कोट घरी विणलेल्या करड्या लोकरीचा, क्वेकरांचा. हळूहळू एकेका टेबलावरचे चमचे थांबले. कुणीतरी म्हणालं, "अरे, तो साधू!" पुढच्या टेबलाशी काळा झगा घातलेले फादर कॉनराड अर्धवट उठले.

मायलो उभा राहिला आणि शब्द आला नाही. त्याच्या लोकांत असं थांबणं कुणाला खटकलं नसतं. इथं एक जण हसला. मग दुसरा. "गप्प बसायला आलास काय रे इतक्या लांब?" मागून आवाज आला, आणि सगळं भोजनगृह खदखदलं.

त्या हसण्यातच तो बोलला, त्यामुळं त्याला ओरडावं लागलं. आयुष्यात तो कधी घरात, छताखाली, ओरडला नव्हता. "गोर्का खरं बोलत होता! मी झेलला नव्हता! मला माहीत होतं, आणि मी त्याला तुमच्यासमोर खोटा पडू दिला, आणि वर त्याला क्षमा केली!"

हसणं थांबलं. फादर कॉनराडचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. त्यांनी मायलोकडं पाहिलंच नाही. ते दाराकडं, गोर्काकडं बघत होते, आणि त्यांचं तोंड उघडून मिटत होतं.

गोर्का पातेलं घेऊन आत आला. कुणाकडं न बघता पहिल्या टेबलापासून बटाटे वाढायला लागला. तिसऱ्या टेबलाशी एक पोरगा उठला आणि त्याचा हात धरायला गेला. "कॅझ, अरे आम्हाला..." गोर्कानं हात सोडवून घेतला. "बस खाली. गार होतील." त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि पातेलं दोन्ही हातांत असल्यामुळं त्याला ते पुसता येत नव्हतं.

मायलो खांबापाशीच उभा होता. त्याला कुणी जा म्हणालं नाही, कुणी बस म्हणालं नाही. परतीची गाडी चारला होती. शेवटी तो दाराबाहेर आला आणि फळ्यापाशी उभा राहिला. आतलं सगळं त्याला ऐकू येत होतं. कुणीतरी कुणाची माफी मागत होतं, ते फादर असावेत, आणि गोर्का काहीच उत्तर देत नव्हता.